इंजिन घेऊनच ये

मागच्या रविवारी फोनवर बोलताना मीराने विचारलं, "आजी, तू पुसतेयस काय? त्यात तर काहीच नाहीये." फोन मी गाडीच्या उघड्या बॉनेटला टेकवून ठेवला होता आणि हातात रॉकेलची चिंधी होती. ईशान मागून डोकावला आणि म्हणाला, "इंजिन शेजारीच तर पडलंय, आजी. बसवून का टाकत नाहीस? जळगावात एवढी गॅरेजेस आहेत." मग, जाता जाता, "या वर्षी नाही जमणार गं. थीसिस संपवूनच येतो." मी बरं म्हटलं. बॉनेट लावलं, चिंधी धुऊन वाळत घातली, हात साबणाने दोनदा धुतले, आणि मग टेबलाशी येऊन बसले. मीराच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्याजोगं नाही, म्हणून ते लिहून ठेवते आहे. ईशान, तुझं ते जाता जाता म्हटलेलं वाक्यही मी विसरलेले नाही. त्याच्याकडे शेवटी येईन.

आमचं धुळ्याचं घर आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर होतं. रात्रंदिवस ट्रक जायचे, आणि जड ट्रक गेला की फडताळातले कप किणकिणायचे. आबा, म्हणजे माझे आजोबा, वकील होते. घरात बोलायचे तेही कोर्टात बोलल्यासारखं, मोजकं, आणि एकदा बोललेलं पुन्हा समजावून सांगायची त्यांना सवय नव्हती. त्यांची ती काळी विलायती गाडी अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये असायची. ती चालवायचा अधिकार फक्त दोघांना, आबांना आणि त्यांच्या धाकट्या मुलाला, प्रभाकरकाकाला. काकाला शिक्षणात गती नव्हती. पण गाडीचा आवाज ऐकून तिला काय होतंय ते तो सांगायचा, आपण लेकराचं रडणं ऐकून सांगतो तसं. तो जेवायला बसला की नखांत काळं, आणि आई ओरडायची, "भाऊजी, त्या हातांनी कळण्याच्या भाकरीला हात लावू नका, भाकरी आधीच काळी आहे, कळायचं नाही कुठवर भाकरी आणि कुठवर ग्रीस!" काका हसायचा आणि ठेच्याकडे हात करायचा. त्याची बायको, गोदाकाकू, साक्रीकडच्या खेड्यातली. घरात आम्ही सगळे पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचो, ती मात्र तिच्या अहिराणीतच बोलायची. आबांसमोर तर ती बोलायचीच नाही. पदर पुढे ओढून ताट ठेवायची आणि मागे सरायची. सासऱ्यांनी तिचा आवाज ऐकलाच नव्हता म्हटलं तरी चालेल.

एका उन्हाळ्यात काका गाडी घेऊन चोपड्याला गेला आणि ती परत दोरखंड बांधून, ट्रकच्या मागे ओढत आणावी लागली. इंजिन जाम झालं होतं. तेल संपल्याचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आवाज ओळखणाऱ्या माणसाला तो आवाज कसा ऐकू आला नाही, हे कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी इंजिन साखळीने वर उचलून बैलगाडीत चढवलं, जळगावला एका कारखान्यात न्यायचं होतं. आम्ही सगळे ओट्यावर उभे होतो. आबा कोर्टात जायला निघाले होते, कोटाची बटणं लावत पायरीवर थांबले आणि काकाकडे न बघता म्हणाले, "इंजिन घेऊनच ये." बस, एवढंच. मी लहान होते, पण ओट्यावरच्या सगळ्यांचे श्वास कसे थांबले ते मला आठवतं. शेडमध्ये जाऊन काकाने उघड्या बॉनेटखालच्या रिकाम्या जागेत एकदा बघितलं आणि दाराआड उभ्या असलेल्या काकूला म्हणाला, "जागा साफ ठेव. मी आलो की बसवतो."

तो आला नाही. महिना गेला, पावसाळा गेला. जळगावच्या कारखान्यातून कळलं की इंजिन त्याने परत नेलं. कुठे नेलं ते त्यांना माहीत नव्हतं. आबांनी त्याचं नाव काढणं बंद केलं. आणि काकूने जागा साफ ठेवायला सुरुवात केली.

मुलांनो, इंजिन काढलेल्या गाडीच्या पोटात तुम्ही कधी बघितलं नसेल. बाहेरून गाडी भरल्यासारखी दिसते. बॉनेट उघडलं की आत एक खोल, काळी खोली. दोन्ही बाजूंना चाकांवरचे वाकलेले पत्रे, पुढे रेडिएटरची चौकट, मागे एक उभा पत्रा, त्याला भोकं, आणि भोकांतून लोंबणाऱ्या वायरी, नळ्या, तारा, सगळ्यांची तोंडं मधल्या पोकळीकडे. जे नाही त्याच्याकडे ती सगळी तोंड करून असतात. खाली जमीन दिसते. मी बारीक होते म्हणून काकू मला आत उभी करायची. माझे पाय शेडच्या मातीवर, कमरेपासून वर मी गाडीत. आधी चुलीतली राख, मग नारळाच्या काथ्याने घासणं, बोथट उलथण्याने जुनं ग्रीस खरवडणं, मग रॉकेल, मग आबांच्या जुन्या धोतराच्या चिंध्यांनी कोरडं पुसणं. मी आत काही बोलले की आवाज पत्र्यावरून घुमून परत यायचा, जरा जाड होऊन, पुरुषाच्या आवाजासारखा. मला ते आवडायचं नाही. काकूला आवडायचं असावं. ती मला उगाच बोलायला लावायची.

"काकू, दर आठवड्याला कशाला? कोणी बघत पण नाही."

"त्यास्नी सांगेल शे," ती म्हणायची. "धूळ बसनी ते इंजिन कोठे बसाडतीन?" आणि स्वतःच्याच कोटीवर पदराआड हसायची.

इंजिन ज्या दोन लोखंडी हातांवर टेकलेलं असतं, ते तिचे खास. त्यातल्या डाव्या हातावर एक खूण होती. इंजिनाच्या पायाचा कोपरा कधीतरी तुटला होता आणि काकानेच त्याला पितळेची डाख लावून तो सांधला होता. त्या सांध्याची जाडी खालच्या लोखंडावर चंद्रकोरीसारखी उमटली होती. काकू ती कोर बोटाने पुसायची, चिंधीने नाही. सबंध इंजिन तिने पुरतं बघितलंसुद्धा नव्हतं. ते गाडीत होतं तेव्हा पुरुषांचं काम म्हणून ती शेडमध्ये गेली नव्हती. तिला माहीत होती ती त्याची जागा.

त्या घरात दोन गोष्टींची मला लहानपणी भीती वाटायची. एक, ते बॉनेट. आग्रा रोडवरून लोड भरलेला ट्रक गेला की ते थरथरायचं, आतून गाडी सुरू झाल्यासारखं, आणि चुलीपुढे बसलेल्या काकूचा भाकरी थापणारा हात हवेत थांबायचा. ट्रक लांब जायचा. हात पुन्हा चालू व्हायचा. दुसरी गोष्ट, श्रावणातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याची, रोटाची. रोटाचे गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची. आई एकेक नाव घ्यायची, आबांचं, माझ्या वडिलांचं, माझ्या भावाचं, आणि मग नाव न घेता आणखी सव्वा मूठ सुपात टाकायची. आबा समोर पाटावर बसलेले असायचे. ते ती मूठ बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. तो घास कोणाच्या तोंडात जातो ते मी दर वर्षी शोधायची.

आम्ही घरात काकाबद्दल बोलायची वेळ आली की "होता" म्हणायला लागलो होतो. "प्रभाकरला वांग्याचं भरीत आवडायचं", "प्रभाकर असा बसायचा". मुद्दाम नव्हे, जीभ तशी वळायला लागली होती. काकू एकदाही म्हणाली नाही. मी एकदा विचारलं, काका कुठे आहेत? ती राखेचे हात झटकत म्हणाली, "शेतस ना. कोठे तरी शेतस." अहिराणीतला तो "शे" फार छोटा आहे, "आहे"पेक्षाही छोटा. पण ती तो म्हणायची तेव्हा त्यावर काहीतरी टेकवता आलं असतं.

मी शाळा संपवत आले होते तेव्हा आईच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, सावद्याजवळच्या एका खेड्यात. वैशाखाचं ऊन. आईने हट्टाने काकूलाही सोबत घेतलं, "चल, चार माणसांत बस, त्या शेडमधून बाहेर ये." जळगावपासून पुढे एसटीच्या खिडकीतून सगळीकडे केळी. त्या उन्हातही बागांत हिरवा अंधार होता. लग्नघरी पाणी पुरेना म्हणून दुपारी बायका शेजारच्या सुपडूनानांच्या मळ्यात कपडे धुवायला गेल्या. विहिरीवर इंजिन चालू होतं, पाणी जाड धारेने पाटात पडत होतं आणि पाटाकडेच्या जमिनीला एक बारीक कंप होता. आम्ही हसत, बोलत बसलो होतो. काकूने हातातलं धुणं बाजूला ठेवलं. तिने तळवा जमिनीवर ठेवला. मग उठली आणि ओल्या साडीनिशी इंजिनाच्या पत्र्याच्या खोपटात गेली. मी तिच्या मागे गेले.

आत रॉकेलचा वास, आणि आवाजाने छाती भरून येत होती. दोन लाकडी ओंडक्यांवर ते बसवलं होतं. मला ते इतर कुठल्याही इंजिनासारखं दिसलं. काकू खाली वाकली, डाव्या पायाशी हात नेला आणि तेल-मातीचा थर बोटाने पुसला. खाली पितळ चमकलं, कोरीच्या आकाराचं. ती माझ्याकडे वळली. आवाजात तिचं बोलणं ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. "हाई आपलं शे."

सुपडूनाना धोतराचा सोगा खोचत आले. बोलके म्हातारे होते, बायका खोपटात कशाला आल्या म्हणून आधी चेष्टा केली, "काय वो, इंजिनाचं बी लग्न लावता काय?" आई पुढे झाली आणि हे कोणी बसवलं म्हणून विचारलं. नाना ओरडूनच सांगत होते, आवाजापायी. "धुळ्याकडचा मिस्त्री होता. ब्लॉकले तडा गेलेला. मले म्हने, गाडीत नाही चालायचं हे आता, चढ-उतार सोसत नाही त्याले. पन एका चालीनं चालवलं तं जन्मभर चालीन. मोसमभर राह्यला इथं, ह्याच खोपटात. रातीचं उठून बी हात लावून पाहे. मंग एक दिवस बुऱ्हानपूरले गेला, तिथं गॅरेजात हाये म्हने."

"परत नाही आला?"

"बंद पडलं तं सांगा, म्हने, त्याच दिवशी येतो." नाना हसले आणि इंजिनावर थाप मारली. "आता बंदच नाही पडत, तं काय सांगू!"

आईने पुढे काही विचारायला तोंड उघडलं, काकूने तिचा दंड धरला. नाना बांधाकडे गेले, आई त्यांच्यामागे गेली. मी खोपटाच्या दारात होते. काकू एकटी इंजिनाजवळ उभी होती. टाकीखाली तेलाची चावी होती, पितळेची, आडवी केली की तेल बंद. मला ती दिसत होती आणि काकूलाही दिसत होती. तिने चावीवर हात ठेवला. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्या आवाजात वेळ कळत नव्हता. बाहेर पाणी पाटातून वळून केळीच्या ओळींत शिरत होतं. मग तिने हात काढला, पदराचं टोक टाकीखाली गळणाऱ्या रॉकेलमध्ये भिजवलं, आणि इंजिन पुसायला लागली. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक नळी, प्रत्येक पाय, धुळ्याला ती रिकामी जागा पुसायची तशीच. मी तिच्यासोबत पुसलं. आम्ही लग्नघरी परतलो तेव्हा नवरीची आई म्हणाली, "अगं बाई, कुठे लोळून आलात?"

धुळ्याला आलो त्या संध्याकाळी आबा झोपाळ्यावर होते. काकू आत गेली नाही. पिशवी हातात तशीच, पदर तसाच पुढे, पण ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि बोलली.

"आबा, इंजिन सापडनं. चालू शे."

झोपाळा थांबला. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं. मग हळूच, "आणि तो?"

"त्या कसा येतीन? तुम्हीच सांगेल व्हतं. इंजिन लिसनच ये."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते रागावतील. ते म्हणाले, "अगं, ते..." आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एक वाक्य दोनदा सुरू करताना ऐकलं. "अगं, ते कारखानेवाले आतले भाग बदलतात. नवे काढतात, जुने घालतात. म्हणून म्हटलं, तिथे टाकून येऊ नकोस. सोबत राहा, आणि घेऊनच ये. एवढंच म्हटलं होतं मी." त्यांनी झोपाळ्याची कडी हाताने धरली. "मला वाटलं, त्यालाच यायचं नाहीये," ते म्हणाले. त्यांचा आवाज फडताळातल्या कपांसारखा झाला होता.

पुढे मी इंग्रजी घेऊन शिकले, जन्मभर शिकवलं, आणि विद्यार्थ्यांना भाषांतर करायला देताना हे वाक्य कधी दिलं नाही. इंग्रजीत त्या "च"साठी तुम्हाला आधी ठरवावं लागतं, तो रागाचा आहे की काळजीचा. मराठीत ठरवावं लागत नाही. ओट्यावर आम्ही सगळ्यांनी एकच ठरवलं होतं, आणि काकाने तेच ठरवून ते सोबत नेलं.

आबा माझ्या वडिलांना घेऊन दुसऱ्याच दिवशी बुऱ्हाणपूरला गेले. गॅरेज सापडलं. काका तिथून गेला होता, रेल्वेच्या रस्त्याने वर कुठेतरी, इटारसीकडे असेल, म्हणाले. आबा तिथेही गेले आणि परत आले. बुऱ्हाणपूरच्या गॅरेजात आणि सुपडूनानांच्या विहिरीवर, दोन्हीकडे त्यांनी एकच निरोप ठेवला. नानांना तो त्यांनी तीनदा म्हणायला लावला, चुकायला नको म्हणून. निरोप होता, "तसाच ये."

त्यानंतर काकू बॉनेट उघडायची तेव्हा आबा शेडमध्ये स्टूल टाकून बसायला लागले. आधी नुसते बसायचे. मग चिंध्या फाडून द्यायला लागले. कोर्टाचा माणूस, तो चिंध्याही एकसारख्या फाडायचा. ट्रक गेला, बॉनेट थरथरलं, की आता दोघांचे हात थांबायचे. आबा गेले त्या वर्षीच्या रोटाला आईने त्यांची मूठ घेतली नाही, रीतच तशी. नाव न घेता घ्यायची ती मात्र घेतली.

मी लग्न होऊन जळगावला आले. बऱ्याच वर्षांनी सुपडूनानांच्या नातवाचा निरोप आला. विहिरीवर विजेची मोटर बसवली आहे, ते जुनं इंजिन हवं असेल तर घेऊन जा. बिघडलंय का, मी विचारलं. नाही हो, चालूच होतं, चालू असताना बंद केलं आणि उतरवून ठेवलं. म्हणजे ते बंद पडलं नव्हतंच. बंद पडलं तर सांगा, एवढंच काकाने सांगून ठेवलं होतं, आणि सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

टेम्पोतून इंजिन धुळ्याला आलं. मीही गेले होते. काकूचे केस पांढरे झाले होते. टेम्पो अंगणात शिरला तेव्हा ती दारात आली, मागचं फळकं खाली पडेपर्यंत ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेकडे बघत राहिली, आणि मग इंजिनाकडे बघितलं. इंजिन उतरवायला एक मिस्त्री सोबत आला होता, म्हणाला, बाई, बसवून देतो, एका दिवसाचं काम आहे. काकू म्हणाली, "नको भाऊ. बसाडनार येतीन, तवय बसाडतीन." ते शेडमध्येच, गाडीच्या शेजारी, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. तेव्हापासून काकू दोन्ही पुसायची, इंजिन आणि त्याची जागा.

शेवटची वर्षं ती माझ्याकडे जळगावला होती, गाडी आणि इंजिनासकट. तुमच्या आईला ती आठवते. एका दुपारी अंगणात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालताना मी तिला विचारलंच, त्या दिवशी ती चावी का फिरवली नाहीस? फिरवली असतीस तर त्याच दिवशी निरोप गेला असता. तिने बिबडीची कड बोटाने सारखी केली. "केळीस्ले पानी चालू व्हतं, माय," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, मी आत जायला उठल्यावर, "आनि बंद पडतं, ते त्यास्नं काम खोटं पडतं."

आता ती नाही. काका आहे की होता, मला माहीत नाही. हिशेबाने पाहिलं तर "होता"च म्हणायला हवं, आणि मी हिशेबाची बाई आहे. तरी गेल्या रविवारी तुमच्याशी बोलताना मी जे पुसत होते ते तेच. आमच्या या रस्त्यावरून आता ट्रक जात नाहीत. बॉनेट तरी कधी कधी थरथरतं. तेव्हा माझाही हात थांबतो, आणि मी फाटकाकडे बघते, हे तुम्हाला सांगायला मला संकोच वाटत नाही.

मीरा, तू विचारलंस त्यात काहीच नाहीये तर काय पुसतेस. आता तुला कळलं असेल. ईशान, इंजिन बसवायचं का ते तू इथे आल्यावर दोघं मिळून ठरवू. गॅरेजवाल्याला मी अजून बोलावलेलं नाही. आणि तू म्हणालास, थीसिस संपवूनच येतो. मी बरं म्हटलं होतं. ते मागे घेते. संपो, न संपो. तसाच ये.